जॉन केमेनी: ‘बेसिक’चा हंगेरियन जनक, ज्याला कॉम्प्युटर सगळ्यांच्या हातात हवा होता

शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला निळ्या किंवा काळ्या स्क्रीनवर ‘१० प्रिंट’ असं काहीतरी तुमच्यापैकी काहींनी नक्की टाईप केलं असेल. आमच्या सरांनी तर पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘बेसिक’चा फुल फॉर्म लिहून दिला होता: बिगिनर्स ऑल-पर्पज सिम्बॉलिक इन्स्ट्रक्शन कोड. परीक्षेत दोन मार्कांना हमखास यायचा, त्यामुळे तो आजही पाठ आहे. पण ही भाषा कोणी बनवली आणि का बनवली, हे मला कळलं ते थेट इंजिनिअरिंग संपल्यावर.

जॉन जॉर्ज केमेनी (३१ मे १९२६ – २६ डिसेंबर १९९२) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ. थॉमस कर्ट्झ या सहकाऱ्यासोबत त्यांनी १९६४ मध्ये बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा तयार केली. त्याच वेळी एकच कॉम्प्युटर अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी टाइम-शेअरिंग सिस्टीमही उभी केली. पुढे ते अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि अणुभट्टीच्या एका मोठ्या अपघाताची चौकशीही त्यांनीच केली. बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख ‘बेसिकचे जनक’ एवढ्यावरच थांबते. माझ्या मते भाषा हा त्यांच्या कामाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे ‘कॉम्प्युटर कोणाचा?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर.

बुडापेस्टमधून सुटका

त्यांचं मूळ नाव केमेनी यानोश ज्यॉर्ज. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, म्हणून हा क्रम. कुटुंब ज्यू होतं. १९३८ मध्ये हंगेरीत ज्यूंवर बंधनं घालणारा पहिला कायदा आला आणि अनेक व्यवसायांत ज्यूंचं प्रमाण २० टक्क्यांवर आणलं गेलं. पुढच्याच वर्षी दुसरा कायदा आला आणि ही मर्यादा ६ टक्क्यांवर आली. वारं कुठल्या दिशेला वाहतंय हे केमेनींच्या वडिलांनी ओळखलं. १९३८ मध्ये ते एकटेच अमेरिकेला गेले आणि १९४० मध्ये त्यांनी बायको-मुलांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं.

आजोबांनी मात्र घर सोडायला नकार दिला. ते, एक आत्या-मावशीच्या नात्यातली बाई आणि एक काका-मामा, असे घरातले तिघे पुढे ज्यूंच्या हत्याकांडात मारले गेले.

न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये या मुलाने तीन वर्षांत शिक्षण संपवलं, तेही परक्या भाषेत आणि वर्गात पहिला येऊन. १९४३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात गणित आणि तत्त्वज्ञान शिकायला प्रवेश मिळाला. तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं.

लॉस अलामॉस: ‘कॉम्प्युटर’ म्हणजे कार्डांचे गठ्ठे

पदवी पूर्ण व्हायच्या आत केमेनींना सैन्याचं बोलावणं आलं आणि त्यांची रवानगी झाली लॉस अलामॉसला, म्हणजे जिथे अणुबॉम्ब बनत होता तिथे. वय साधारण एकोणीस. काम होतं आकडेमोडीच्या विभागात आणि वरिष्ठ होते रिचर्ड फाइनमन, ज्यांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिथला ‘कॉम्प्युटर’ कसा होता? ऑफिसात हिशेबासाठी वापरायची आयबीएमची पंचकार्ड यंत्रं होती. एक यंत्र फक्त गुणाकार करायचं, दुसरं बेरीज, तिसरं कार्डं लावून द्यायचं. माणसं कार्डांचे गठ्ठे एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालायची. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे नेणारी ‘वायर’ म्हणजे चालणारी माणसं! दिवसरात्र पाळ्या लावून काम चालायचं. तरी एक मोठं समीकरण सोडवायला दोन-तीन आठवडे लागायचे.

लॉस अलामॉसमध्ये हंगेरियन लोकांची रेलचेल होती. एडवर्ड टेलर आणि जॉन फॉन नॉयमन तिथेच होते. इतके हुशार लोक एकाच छोट्या देशातून आलेले बघून ‘हे मंगळावरून आलेत, हंगेरियन असल्याचं नुसतं सांगतात’ असा विनोद शास्त्रज्ञांमध्ये चालायचा. फॉन नॉयमन यांनी तिथे एक व्याख्यान दिलं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालणारं, बायनरी आकडे वापरणारं आणि डेटासोबत सूचनाही स्वतःच्याच मेमरीत ठेवणारं यंत्र कसं असेल, हे त्यांनी मांडलं. आपल्या प्रत्येक फोनची रचना मुळात हीच आहे. ऐकणाऱ्यांत तरुण केमेनी होते. कल्पना भन्नाट वाटली, पण असं यंत्र आपल्या हयातीत वापरायला मिळेल का, अशी शंका मनात आल्याचं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय.

ती शंका फार वर्षं टिकली नाही. १९७२ मध्ये आलेल्या ‘मॅन अँड द कॉम्प्युटर’ या पुस्तकात त्यांनी हिशेबच मांडला: लॉस अलामॉसमध्ये वर्षभर जी आकडेमोड चालायची, ती आता डार्टमथचा एक साधा विद्यार्थी एका दुपारी उरकू शकतो, आणि तेव्हा त्याच कॉम्प्युटरवर आणखी बरेच जण आपापलं काम करत असतात.

आईनस्टाईनचे मदतनीस

युद्धानंतर केमेनी प्रिन्स्टनला परतले. अलोन्झो चर्च यांच्या हाताखाली त्यांनी तर्कशास्त्रात पीएचडी केली (१९४९). हे तेच चर्च, जे ॲलन ट्युरिंगचेही गाईड होते. म्हणजे एकाच गुरूचे हे दोन शिष्य! पीएचडी चालू असतानाच केमेनी अल्बर्ट आईनस्टाईन यांचे गणित-सहायक होते. आईनस्टाईन तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एका सिद्धांतात बसवायच्या मागे होते आणि त्यातलं गणित तपासायला त्यांना माणूस हवा होता. फाइनमन, फॉन नॉयमन, चर्च, आईनस्टाईन. पंचविशी गाठायच्या आत या चौघांसोबत वावरलेला माणूस सापडणं कठीणच.

१९५३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर या लहानशा गावातल्या डार्टमथ कॉलेजने त्यांना थेट पूर्ण प्रोफेसर म्हणून बोलावलं. वय २७. दोन वर्षांत ते गणित विभागाचे प्रमुखही झाले. त्यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलेली पाठ्यपुस्तकंही खूप गाजली, पण त्या वाटेला इथे जात नाही. आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं हे, की १९५६ मध्ये त्यांनी थॉमस कर्ट्झ या तरुण संख्याशास्त्रज्ञाला डार्टमथला आणलं.

कोड चालवायला ट्रेनचा प्रवास

डार्टमथकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. सगळ्यात जवळचा मोठा कॉम्प्युटर होता बॉस्टनजवळ एमआयटीमध्ये, सुमारे दोनशे किलोमीटरवर. कर्ट्झ दर दोन आठवड्यांनी पंचकार्डांनी भरलेली पेटी घेऊन पहाटेची ट्रेन पकडायचे. एमआयटीत कार्डं द्यायची, वाट बघायची, संध्याकाळी निकालाचे कागद घेऊन परत. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर प्रोग्राम चालायचाच नाही. मग दुरुस्ती करून पुढची फेरी. आज आपलं बिल्ड पाच मिनिटं अडकलं तरी आमच्या टीमच्या ग्रुपवर आरडाओरडा सुरू होतो!

या पद्धतीला बॅच प्रोसेसिंग म्हणतात. कार्डांचे गठ्ठे रांगेत लागतात आणि ऑपरेटर एकेक करून चालवतो. यात कॉम्प्युटरचा वेळ वाया जात नाही, माणसाचा जातो. यंत्र लाखो डॉलरचं असल्यामुळे त्या काळी सगळ्यांना हे बरोबरच वाटायचं. केमेनींना मात्र हा हिशेब उलटा वाटत होता.

१९५९ मध्ये डार्टमथला स्वतःचा पहिला छोटा कॉम्प्युटर मिळाला, एलजीपी-३०. टेबलाएवढं यंत्र, मेमरी ४०९६ शब्दांची, म्हणजे आजच्या मापात साधारण १६ केबी. व्हॉट्सॲपचा एखादा स्टिकरसुद्धा यापेक्षा जड असतो. पण या यंत्रावर एक गोष्ट सिद्ध झाली. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या पोरांच्या हाती यंत्र दिलं, तर ती स्वतः कंपायलरसुद्धा लिहून दाखवतात. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम. अल्गोल भाषेसाठी असे कंपायलर डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी या चिमुकल्या यंत्रावर बनवले. पुढच्या सगळ्या धाडसाचा पाया इथे पडला.

एक स्वयंपाकी, वीस टेबलं

डार्टमथमध्ये आधी शिकवून एमआयटीत गेलेले जॉन मॅकार्थी (‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा शब्द ज्यांनी रूढ केला ते) यांनी कर्ट्झना सुचवलं की तुम्ही टाइम-शेअरिंग करून बघा. कर्ट्झनी ते केमेनींच्या कानावर घातलं आणि सोबत एक मोठी गोष्ट मांडली: डार्टमथच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कॉम्प्युटर वापरता आला पाहिजे. केमेनी लगेच तयार झाले.

टाइम-शेअरिंग समजायला एखादी खानावळ डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकी एकच आहे, टेबलं वीस. पहिल्या टेबलाचं जेवण पूर्ण आटोपेपर्यंत बाकी एकोणीस जणांना ताटकळत ठेवलं, तर झाली बॅच प्रोसेसिंग. त्याऐवजी स्वयंपाक्याने एका टेबलाची पोळी तव्यावर टाकली, लगेच दुसऱ्याची भाजी वाढली, तिसऱ्याचा भात, असं भराभर फिरत राहिला, तर प्रत्येकाला वाटतं की माझ्याकडेच लक्ष आहे. जेवणारा तसाही घास चावण्यात वेळ घालवतोच. तसंच कीबोर्डवरचा माणूस विचार करतो, हळूहळू टाईप करतो. त्या मधल्या वेळात यंत्र दुसऱ्या कोणाचं काम करू शकतं.

डार्टमथच्या रचनेत एक हुशारी होती. त्यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची दोन यंत्रं एकमेकांना जोडली. डेटानेट-३० हे यंत्र वाढप्याचं काम करायचं: टर्मिनलवरून आलेली अक्षरं गोळा करायची, कोणाची पाळी ते ठरवायचं. जीई-२२५ हा स्वयंपाकी: प्रत्यक्ष आकडेमोड त्याची. तुमच्या फोनमध्ये आत्ता गाणं वाजतंय, मेसेज येतोय आणि तुम्ही हे वाचताय, त्यामागे प्रोसेसरचा वेळ असाच तुकड्या-तुकड्यांनी वाटला जातोय. फरक इतकाच, की तुमच्याकडे वीस माणसांऐवजी वीस ॲप्स आहेत.

पैसे कुठून आले? अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून, ३ लाख डॉलर. अर्ज तपासणाऱ्यांना शंका होती, कारण अर्जात लिहिलं होतं की हे सगळं सॉफ्टवेअर पदवीचे विद्यार्थी लिहिणार. आणि खरंच त्यांनीच लिहिलं. ऑपरेटिंग सिस्टीमचा मोठा भाग मायकल बुश आणि जॉन मॅगीची या दोन विद्यार्थ्यांचा. बेसिकच्या कंपायलरचं काम मात्र केमेनींनी स्वतः १९६३ च्या उन्हाळ्यातच सुरू केलं होतं. तेव्हा यंत्र कॉलेजात आलेलंसुद्धा नव्हतं!

नवी भाषा कशाला?

फोरट्रान होती, अल्गोल होती. कर्ट्झचं सुरुवातीचं म्हणणं होतं की यांचंच एखादं सोपं रूप करू. केमेनी नवीन भाषेवर अडून बसले. कारण समजायला एकच उदाहरण पुरे आहे. एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं असेल (ज्याला आपण लूप म्हणतो), तर फोरट्रानमध्ये ओळ साधारण अशी लिहायची:

डू १०० आय = १, १०, २

आता यातला १० म्हणजे शेवट की टप्पा? आणि २? रोज कोड लिहिणाऱ्याला पाठ असतं. महिन्यातून एकदा बसणाऱ्याला नसतं. बेसिकमध्ये तेच असं झालं:

फॉर आय = १ टू १० स्टेप २

एकपासून दहापर्यंत, दोनच्या टप्प्याने. वाचलं की कळलं. (खरा कोड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायचा. इथे फक्त कळण्यासाठी देवनागरीत दिलाय.)

पहिल्या बेसिकमध्ये जेमतेम चौदा प्रकारची वाक्यं होती. प्रत्येक वाक्याची सुरुवात एका इंग्रजी शब्दाने. एक छोटा पूर्ण प्रोग्राम बघा:

१० लेट ए = १२
२० लेट बी = ३०
३० प्रिंट ए * बी
४० एंड

यातला ‘लेट’ मुद्दाम ठेवलेला होता. ‘एक्स = एक्स + १’ हे गणितात सरळ सरळ चूक आहे. नवशिक्याला ते बघून धक्का बसतो. पण ‘लेट एक्स = एक्स + १’ म्हटलं की कळतं, ही आज्ञा आहे, समीकरण नव्हे. पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे सांगायची भानगडसुद्धा त्यांनी काढून टाकली. संख्या ती संख्या.

आणि ओळींचे नंबर? त्यांच्यावरून बेसिकची खूप थट्टा होते. पण तेव्हाच्या टर्मिनलला स्क्रीनच नव्हती हे लक्षात घ्या. टेलिटाईप म्हणजे टाईपरायटरसारखं यंत्र, सगळं कागदावर छापलं जायचं. कागदावर छापलेली ओळ बॅकस्पेसने कशी पुसणार? म्हणून सोय अशी: २० नंबरची ओळ चुकली तर पुन्हा २० लिहून ओळ नव्याने टाईप करा, जुनी आपोआप जाते. मध्ये काही घालायचंय? १५ नंबर द्या. नंबर दहा-दहाच्या फरकाने का देतात, हे आमच्या सरांनी कधी सांगितलं नव्हतं. कारण इतकं साधं होतं.

सिस्टीममध्ये शिरायला ‘हॅलो’ टाईप करायचं, निघताना ‘गुडबाय’. प्रोग्राम चालवायला ‘रन’. एवढं शिकवायला दोन-तीन तासांची लेक्चरं पुरायची.

१ मे १९६४, पहाटेचे चार. डार्टमथमधल्या एका इमारतीच्या तळघरात केमेनी आणि एक विद्यार्थी शेजारशेजारच्या दोन टेलिटाईपवर बसले होते. दोघांनी आपापला बेसिक प्रोग्राम टाईप केला आणि एकाच वेळी ‘रन’ दिलं. दोन्हीकडे बरोबर उत्तरं छापून आली. एक भाषा आणि एक सिस्टीम, दोन्हींचा जन्म एकाच क्षणी.

वाचनालयासारखा कॉम्प्युटर

माझ्या मते केमेनींचं खरं मोठेपण यापुढे दिसतं. तंत्र जमलं होतं. आता ते कोणाला द्यायचं?

डार्टमथचे साधारण तीन चतुर्थांश विद्यार्थी विज्ञान शाखेचे नव्हते. ते इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकत होते. केमेनी आणि कर्ट्झ यांचं म्हणणं असं, की उद्या सरकारात आणि कंपन्यांत बसून निर्णय घेणारे बहुतेक हेच असतील, आणि कॉम्प्युटरला आयुष्यात कधी हातही न लावता ते कॉम्प्युटरविषयी निर्णय कसे घेणार? म्हणून प्रोग्रामिंग पहिल्या वर्षाच्या गणिताच्या कोर्सलाच जोडलं. वेगळा कॉम्प्युटरचा विषय काढला असता तर त्यात ठरावीक मुलंच गेली असती.

दुसरा निर्णय पैशांचा. बाकी विद्यापीठांत कॉम्प्युटरच्या वेळेचा मिनिटामिनिटाला हिशेब लागायचा. डार्टमथमध्ये केमेनींनी वाचनालयाचा नियम लावला. वाचनालयात तुम्ही कुठलं पुस्तक का काढलं हे कोणी विचारत नाही, पानामागे पैसेही घेत नाही. तसंच टर्मिनलवर बसलेल्याला ‘काय करतोयस?’ असं कोणी विचारायचं नाही. विद्यार्थ्यांसाठी सगळं मोफत.

मग पोरांनी काय केलं? अभ्यास केलाच, पण गेम्सही लिहिल्या, भरपूर! आणि केमेनी त्यात मागे नव्हते. त्यांनी स्वतः बेसिकमध्ये अमेरिकन फुटबॉलचा गेम लिहिला. स्क्रीनवर चित्र वगैरे काही नाही, फक्त कागदावर छापून येणारं वर्णन. सामना डार्टमथ विरुद्ध प्रिन्स्टन, म्हणजे नोकरीचं कॉलेज विरुद्ध शिक्षणाचं. गेम खेळता खेळता यंत्राची भीती जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बेसिक भाषा त्यांनी कोणालाही मोफत वापरू दिली. आसपासच्या शाळा आणि कॉलेजंही टेलिफोनच्या तारेने डार्टमथच्या कॉम्प्युटरला जोडली गेली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला कॉम्प्युटर’ हे वाक्य छान आहे, पण १९६४ मध्ये डार्टमथचा प्रत्येक विद्यार्थी मुलगा होता. कॉलेज फक्त पुरुषांसाठी होतं. हे बदललं ते १९७२ मध्ये, आणि बदलणारे कॉलेजचे अध्यक्ष होते... जॉन केमेनी. १९७० ते १९८१ अशी अकरा वर्षं ते अध्यक्ष होते. मुलींना प्रवेश द्यायला माजी विद्यार्थ्यांमधून कडाडून विरोध झाला, तो त्यांनी अंगावर घेतला. डार्टमथची स्थापना १७६९ मध्ये झाली तेव्हा मूळ अमेरिकन आदिवासींना शिकवणं हाही उद्देश लिहिलेला होता, पण दोनशे वर्षांत अगदी थोडे आदिवासी विद्यार्थी तिथे शिकले. केमेनींनी त्यांच्यासाठी जाणीवपूर्वक प्रवेश सुरू केले. आणि अध्यक्षपदावर असतानाही त्यांनी वर्गात शिकवणं सोडलं नाही.

डार्टमथ ते बिल गेट्स ते आपल्या शाळा

डार्टमथची सिस्टीम बघून जनरल इलेक्ट्रिकने टाइम-शेअरिंगची सेवाच विकायला काढली. १९६८ मध्ये सिॲटलच्या लेकसाईड शाळेत एक टेलिटाईप बसला, फोनच्या तारेने जीईच्या कॉम्प्युटरला जोडलेला. त्यावर बेसिक शिकलेल्या मुलांपैकी एकाचं नाव बिल गेट्स, दुसऱ्याचं पॉल ॲलन. १९७५ मध्ये या दोघांनी अल्टेअर नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक लिहिलं आणि त्यातून मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. गंमत बघा, मूळ भाषा मोफत दिलेली, आणि तिच्या या नव्या अवताराची फुकट कॉपी करणाऱ्यांवर वैतागून गेट्स यांनी १९७६ मध्ये उघड पत्र लिहिलं!

पुढच्या दहा वर्षांत ॲपल टू, कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो अशा घरगुती कॉम्प्युटरमध्ये चालू केल्याबरोबर किंवा एखाद्या आज्ञेसरशी बेसिक समोर यायचं. भारतात केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रोच वापरले गेले. आपल्या आई-बाबांच्या पिढीतल्या काही जणांनी कॉम्प्युटर पहिल्यांदा पाहिला तो असा. नंतर जीडब्ल्यू-बेसिक आणि क्यूबेसिक अनेक वर्षं आपल्या शाळांच्या पुस्तकांत राहिलं, म्हणूनच मलाही ते शिकायला मिळालं.

पण या प्रवासात भाषेचे हालही झाले. छोट्या यंत्रांची मेमरी इतकी कमी, की प्रत्येकाने बेसिकला जमेल तसं कापलं. एका यंत्रावरचा कोड दुसऱ्यावर चालेना. ‘गोटू’ ही आज्ञा वापरून कोड कुठूनही कुठेही उड्या मारायचा आणि वाचणारा गरगरायचा. नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ एडस्गर डाइकस्ट्रा यांनी १९७५ मध्ये, आधी बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्यांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य आहे, इतकी जहरी टीका केली. टीकेत तथ्य होतं, पण मला ती अन्यायाची वाटते. डाइकस्ट्रा व्यावसायिक प्रोग्रामरचा विचार करत होते आणि केमेनी इतिहासाच्या विद्यार्थ्याचा.

केमेनींनाही हे ‘रस्त्यावरचं बेसिक’ आवडलं नव्हतंच. डार्टमथमधली मूळ भाषा तोवर खूप सुधारली होती. १९८३ मध्ये दोघांनी कंपनी काढली आणि ‘ट्रू बेसिक’ बाजारात आणलं: ओळींचे नंबर सक्तीचे नाहीत, रचना नीटनेटकी, वेगवेगळ्या यंत्रांवर तोच कोड. भाषा चांगली होती. पण तोवर बाजारात मायक्रोसॉफ्टचं बेसिक घट्ट बसलं होतं आणि ट्रू बेसिकला उशीर झाला होता.

शंभर अलार्म आणि एक दिवा

२८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि भट्टीचा काही भाग वितळला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी बारा जणांचा चौकशी आयोग नेमला आणि अध्यक्ष केलं केमेनींना. आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९७९ मध्ये आला. ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं.

मुख्य निष्कर्ष असा, की यंत्रं बिघडतातच, पण मूळ दुखणं माणसं आणि त्यांना दिलेली व्यवस्था यांच्यात होतं. अपघाताच्या सुरुवातीलाच कंट्रोल रूममध्ये शंभरावर अलार्म वाजू लागले. त्यातले बिनमहत्त्वाचे बंद करायची सोयच नव्हती. विचार करा, खरं संकट एक आणि नोटिफिकेशन्स शंभर!

त्याहून भारी गोष्ट एका दिव्याची. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि त्यातून भट्टी थंड ठेवणारं पाणी निघून जात होतं. पॅनेलवरचा दिवा मात्र सांगत होता की सगळं ठीक. कारण तो दिवा व्हॉल्व्ह बंद ‘झाला’ का हे दाखवतच नव्हता. बंद ‘हो’ असा सिग्नल गेला का, एवढंच दाखवत होता. यूपीआयवर पैसे कापले गेल्याचा मेसेज येतो पण दुकानदाराला मिळालेलेच नसतात, तेव्हा जे होतं तेच इथे अणुभट्टीत झालं. दोन तासांहून जास्त वेळ कोणाच्या लक्षातच आलं नाही.

फोरट्रानच्या स्वल्पविरामांवर वैतागलेला माणूस या चौकशीला बसला हा योगायोग असेल. पण प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता: यंत्र काय म्हणतंय ते समोरच्या माणसाला कळतंय का?

शेवटची वर्षं

अध्यक्षपद सोडल्यावर केमेनी पुन्हा पूर्णवेळ शिकवू लागले. १९८५ मध्ये आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने त्यांना कॉम्प्युटर पायोनियर पुरस्कार दिला. २६ डिसेंबर १९९२ ला हृदयविकाराने त्यांचं निधन झालं, वय ६६. फॉन नॉयमनच्या व्याख्यानात ज्या यंत्राबद्दल शंका वाटली होती, ते तोवर घरोघरी पोचलं होतं. खिशातला फोन मात्र त्यांना बघायला मिळाला नाही. लॉस अलामॉसच्या त्या यंत्रांपेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान असलेलं हे यंत्र आपण दिवसभर वापरतो, आणि बहुतेकांनी त्यावर स्वतःच्या दोन ओळी कधी चालवून पाहिलेल्या नसतात. पाहायच्या असतील तर बेसिक चालवणारी मोफत ॲप्स प्ले स्टोअरवर आहेत. वरच्या चार ओळी इंग्रजीत टाईप करा, ‘रन’ द्या, ३६० आलं पाहिजे.

थॉमस कर्ट्झ यांना मोठं आयुष्य लाभलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले. त्याआधी २०१९ मध्ये न्यू हॅम्पशायर सरकारने हॅनोव्हरमध्ये रस्त्याकडेला एक पाटी लावली. अशा पाट्या तिथे बहुतेक लढाया, जुनी घरं आणि पुढारी यांच्या आठवणीसाठी असतात. ही पाटी एका प्रोग्रामिंग भाषेसाठी आहे.